देशोदेशीची कालगणना : लेखांक ७ – इराणचे सूर्यवर्ष

गेल्या आठवड्यात आपण हिजरी चांद्रवर्ष पाहिले. धार्मिक सणवारांसाठी इराणही तेच पाळतो. पण तिथल्या कचेऱ्या, बँका आणि शाळा चालतात सौर हिजरी वर्षावर. दोन्हींचा शक एकच, प्रेषित महंमदांच्या इ. स. ६२२ मधील मदिनेच्या स्थलांतरापासूनचा. एकात वर्ष चंद्राचे, दुसऱ्यात सूर्याचे. म्हणून दोहोंच्या आकड्यांत आज चाळीसहून अधिक वर्षांचे अंतर पडले आहे.

या कालगणनेचे मला सर्वांत कौतुक वाटते ते वर्षारंभासाठी. सूर्य वसंतसंपाती येतो त्या क्षणी इराणमध्ये नवे वर्ष लागते, मग भरदुपार असो की पहाटेचे तीन. घरोघरी माणसे ‘हफ्त-सीन’ ही नववर्षाची सात वस्तूंची मांडणी करून त्या क्षणाची वाट पाहत बसतात. तारखेचा नियमही सरळ आहे. संपात तेहरानच्या माध्यान्हापूर्वी झाला, तर तोच दिवस फरवर्दीन या पहिल्या महिन्याचा पहिला. नंतर झाला, तर दुसरा दिवस. हा क्षण दरवर्षी सुमारे ५ तास ४९ मिनिटांनी पुढे सरकतो. तो माध्यान्ह ओलांडून गेला की सरत्या वर्षाला एक दिवस जास्त मिळतो. सहा तासांना अकरा मिनिटे कमी असल्यामुळे एरवी चार वर्षांनी येणारे लीप वर्ष अधूनमधून पाच वर्षांनी येते. शतकांचे वेगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. वर्ष सूर्याला धरून राहते, कारण दरवेळी सूर्यालाच विचारलेले असते.

महिन्यांची रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली. पहिले सहा महिने ३१ दिवसांचे, पुढचे पाच ३० चे, शेवटचा इस्फंद २९ किंवा ३० चा. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि तिची गती मंदावते. त्यामुळे वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात, उरलेल्या अर्ध्या फेरीला जेमतेम १७९. सहा गुणिले एकतीस म्हणजे बरोबर १८६! आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे महिने ३१ दिवसांचे आहेत, तेही याच कारणाने. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून ती २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून लागू झाली.

इराणमध्ये वर्ष सूर्याला धरून ठेवण्याच्या या विचाराची मुळे सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या काळात सापडतात. त्याने नेमलेल्या ज्योतिर्विदांत उमर खय्याम होता आणि १०७९ मध्ये सुधारित ‘जलाली’ गणना सुरू झाली. आजचे रूप १९२५ च्या कायद्याचे. १९७६ मध्ये इराणचा तेव्हाचा राजा, शाह मोहम्मद रेझा पहलवी याने शकारंभ प्राचीन इराणी सम्राट सायरसच्या राज्यारोहणापर्यंत मागे नेला आणि १३५५ चे एकदम २५३५ झाले. लोकांना ते मानवले नाही. १९७८ मध्ये जुना शक परत आला.

याच प्राचीन इराणी कालगणनेची दुसरी शाखा आपल्या शेजारी नांदते आहे. पारशी महिन्यांची नावे थोड्या उच्चारभेदाने तीच, पण शहेनशाही वर्ष सरसकट ३६५ दिवसांचे. लीप दिवस नसल्याने दर चार वर्षांनी ते एक दिवस मागे सरकते आणि महाराष्ट्रात पारशी नववर्षाची सुट्टी ऑगस्टच्या मध्यात येते. इराणमधल्या झरतुष्ट्री गणनेशी पडलेल्या महिन्याभराच्या फरकावरून अठराव्या शतकात सुरतेला कदमी पंथ वेगळा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत फसली पंथाने वर्षारंभ पुन्हा २१ मार्चला आणला. तरीही बहुसंख्य पारशी कुटुंबे आपल्या शहेनशाही तिथीलाच धरून राहिली आणि २१ मार्चचा जमशेदी नवरोजही साजरा करत राहिली.

पुढच्या लेखांकात इथिओपियाचे तेरा महिन्यांचे वर्ष.