राउटर व स्विच यांची पूर्ण नक्कल

शाळेंतील राउटर किंवा स्विच जळाला, तर नवें यंत्र बाजारांतून आणतां येतें. परंतु जुन्या यंत्रास अनेक वर्षें दिलेल्या आज्ञा बाजारांत मिळत नाहींत. कोणत्या तारेवर कोणता वर्ग, कोणास कोठें जाण्याची मुभा, बाहेरचा मार्ग कोणता, हें सर्व त्या आज्ञांतच असतें. या आज्ञासमूहास कॉन्फिगरेशन म्हणतात. त्याची नक्कल ठेवावी हें बहुतेकांस ठाऊक असतें. पण ती पूर्ण केव्हां म्हणावी, याचा विचार थोडेच करितात. तोच आम्ही येथें करूं. उदाहरणादाखल सिस्को कंपनीचीं, आयओएस प्रणालीवर चालणारीं यंत्रें घेऊं.

अशा यंत्रांत कॉन्फिगरेशन दोन ठिकाणीं असतें. पहिलें 'रनिंग-कॉन्फिग', तें पाटीवरील अक्षरांसारखें असून वीज गेली कीं पुसलें जातें. दुसरें 'स्टार्टअप-कॉन्फिग', तें वहींतील अक्षरांप्रमाणें टिकतें, आणि यंत्र पुन्हां सुरू होतांना तेंच वाचलें जातें. म्हणून प्रत्येक फेरफारानंतर पाटीवरचें वहींत उतरवावें, आणि वहीची नक्कल दुसऱ्या संगणकावर ठेवावी. हें काम नियमितपणें आपोआप करण्यास रॅन्सिड व ऑक्सिडाइज्ड या मोफत आज्ञावली आहेत.

तथापि एवढ्यानें नक्कल पूर्ण झाली असें समजूं नये. एकाच स्विचाचे जे निरनिराळे कल्पित विभाग पाडतात, त्यांस व्हीलॅन म्हणतात. स्विच व्हीटीपीच्या सर्व्हर अवस्थेंत असल्यास त्यांचीं नांवें व क्रमांक 'व्हीलॅन.डॅट' या निराळ्या फाइलींत राहतात. दुरून सुरक्षितपणें यंत्रांत शिरण्यासाठीं लागणारी एसएसएचची खाजगी किल्लीहि मजकुरांत दिसत नाहीं; नव्या यंत्रावर ती नव्यानें करावी लागते. आयओएसची नेमकी आवृत्ति आणि कोणती तार कोणत्या पोर्टांत होती याचा तक्ता, हींहि वेगळीं जपावीं.

परत भरण्यांतहि एक मेख आहे. जतन केलेला मजकूर रनिंग-कॉन्फिगमध्यें घातला, तर तो तेथील मजकुराच्या जागीं न बसतां त्यांत मिसळतो. नव्या राउटरचीं पोर्टें मुळांत बंद असतात, आणि तीं उघडणारी 'नो शटडाउन' ही आज्ञा नकलेंत उमटतच नाहीं. मजकूर अक्षरशः बरोबर, तरी पोर्टें बंद! यास्तव तो स्टार्टअप-कॉन्फिगमध्यें भरून यंत्र पुन्हां सुरू करावें, हें बरें.

शिवाय नकलेंत गुप्तशब्दहि असतात. त्यांपैकीं 'टाइप ७' चे सहज उलगडतां येतात. टीएफटीपीनें धाडलेली नक्कल उघड्या पत्राप्रमाणें वाटेंत वाचली जाऊं शकते. म्हणून एससीपीचा अवलंब करावा आणि नक्कल मोजक्याच हातीं ठेवावी.

विद्यार्थीहो, पाठ झालेली कविता खरी किती येते, हें पुस्तक मिटल्यावरच कळतें. नकलेचेंहि तसेंच आहे. सुटींत एखाद्या रिकाम्या यंत्रावर ती भरून पाहावी. जें उणें निघेल तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. परीक्षेच्या सकाळीं तें शोधण्याची पाळी येऊं नये.