कॅमेऱ्याची बिघडलेली कळ

आज पुष्कळ घरांतील कपाटांत एखादा लहानसा डिजिटल कॅमेरा निपचित पडलेला आढळतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीं तो मोठ्या हौसेनें घेतलेला असतो. घरांतील बारशीं, मुंजी व लग्नें त्यानें टिपलेलीं असतात. पुढें मोबाईल फोन आला आणि कॅमेरा मागें पडला. अलीकडे तरुण मंडळींना या जुन्या कॅमेऱ्यांच्या चित्रांची पुन्हां गोडी लागली आहे. मग तो कपाटांतून बाहेर निघतो, नवे सेल घातले जातात, पडदा उजळतो. परंतु कळ दाबावी तर कांहींच घडत नाहीं. ‘कॅमेरा गेला’ असा निकाल देऊन घरची मंडळी मोकळी होतात. हा निकाल पुष्कळदां घाईचा असतो, हेंच आज मला सांगावयाचें आहे. बिघडलेली असते ती केवळ कळ, म्हणजे आपण ज्याला बटण म्हणतों तें. तिच्यावर घरीं उपाय करतां येतो. परंतु त्या उपायाला एक ठाम मर्यादा आहे, आणि ती जाणणें हें उपायाइतकेंच महत्त्वाचें आहे.

प्रथम कळीची रचना पाहूं. जत्रेंत मुलांसाठीं पत्र्याची टिकटिकी मिळते, ती आठवा. फुगीर पत्रा अंगठ्यानें दाबला कीं ‘टक्’ असा आवाज करून तो आंत जातो, व अंगठा काढतांच पूर्ववत् होतो. कॅमेऱ्याच्या बहुतेक कळींखालीं अशीच एक चिमुकली धातूची टोपी असते. टोपीच्या कडा एका संपर्कबिंदूवर टेकलेल्या असतात, आणि तिच्या मध्याखालीं दुसरा संपर्कबिंदु असतो. टोपी दबून मध्य खालीं टेकला म्हणजे विजेचा मार्ग पुरा होतो व यंत्राला आपला हुकूम पोंचतो. चित्र घेण्याची मुख्य कळ मात्र दोन टप्प्यांची असते. अर्धी दाबली असतां पहिला संपर्क जुळून भिंग नेम धरतें. पुरी दाबली असतां दुसरा संपर्क जुळून चित्र उमटतें.

या रचनेंतच तिच्या दुखण्याचें मूळ आहे. अशा कळींतून वाहणारी वीज अत्यंत क्षीण असते. संपर्कबिंदूवर धुळीचा कण बसला किंवा गंजाचा पातळ पापुद्रा धरला, तर तो भेदून जाण्याचें बळ तिच्या अंगीं नसतें. आपला धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसलेला. उन्हाळ्यांत येथें धुळीला तोटा नाहीं. तुळजापुरास नवरात्रांत हळदकुंकवानें भरलेल्या हातांनीं कॅमेरा हाताळला जातो. पावसाळ्यांत नळदुर्गास बोरी नदीच्या धबधब्यापाशीं उडणारे तुषार त्यावर बसतात. बोटांचा घाम व तेलकटपणा यांची त्यांत भर पडते. कळीच्या कडेच्या फटींतून हें सारें आंत उतरतें, आणि कॅमेरा वर्षानुवर्षें न वापरतां पडून राहिला म्हणजे घट्ट बसतें.

उपायापूर्वीं रोगाची परीक्षा करावी. सेल ताजे आहेत ना, हें पाहावें. अशक्त सेलावर पडदा उजळतो, पण चित्र घेण्याचें बळ उरत नाहीं. स्मरणपत्रिका, म्हणजे मेमरी कार्ड, काढून तिच्या कडेची लहानशी खिट्टी बंद बाजूला सरकलेली नाहीं ना, हेंही पाहावें. ती सरकली असतां कार्डावर नवें चित्र उतरत नाहीं, आणि दोष कळीवर येतो. नंतर मुख्य कळ अर्धी दाबावी. पडद्यावर नेम धरल्याची चौकट उमटली, पण पुरी दाबूनही चित्र निघालें नाहीं, तर दुसऱ्या टप्प्याच्या संपर्काचा संशय घ्यावा. जोरानें किंवा तिरपें दाबल्यावर कधीं चित्र निघतें व कधीं नाहीं, अशी स्थिति असेल तर मळाचा संभव अधिक. पाठीमागच्या साऱ्याच कळा एकदम मुक्या झाल्या असतील, तर मात्र आंतील पट्टीसारखी लवचिक तार सुटली असण्याचा संभव आहे. तेथें सफाईचा उपयोग नाहीं.

आतां सफाई. कॅमेरा बंद करून सेल व कार्ड बाहेर काढावें. रबरी फुंकणीनें कळीभोंवतींची धूळ उडवावी. तोंडानें फुंकूं नये, कारण त्याबरोबर थुंकीचा ओलावा जातो. पंक्चरच्या दुकानांतील हवाही मारूं नये, कारण तिच्या जोरानें धूळ अधिकच आंत जाते. मग मऊ ब्रशानें कळीच्या कडा झाडाव्या. एवढ्यानें न भागल्यास ९९ टक्के शुद्धतेचें आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावें. विजेच्या उपकरणांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत तें मिळतें. कापसाच्या बारीक काडीनें त्याचा एकच थेंब फटींत सोडावा, कळ पन्नास-साठ वेळां दाबावी, आणि कळ खालच्या बाजूस येईल असा कॅमेरा धरून सुटलेला मळ कापडानें टिपावा. असें दोन-तीनदां करून कॅमेरा रात्रभर कोरडा होऊं द्यावा व सकाळींच सेल घालावे. हें द्रव्य चटकन पेट घेतें, म्हणून देवघरांतील दिवा व शेगडी यांपासून दूर बसावें; भिंगावर व पडद्यावर तें पडूं देऊं नये. हात धुण्याचें सॅनिटायझर येथें चालत नाहीं, कारण त्यांत पाणी व बहुधा ग्लिसरीन असतें. खोबरेल तेल व रॉकेल तर मुळींच नको. तीं धुळीला धरून ठेवतात.

एवढें करूनही कळ बोलली नाहीं, तर स्क्रू काढण्याचा मोह होतो. मर्यादा म्हणून जी म्हटली, ती येथें आहे. ज्या कॅमेऱ्याला झगझगीत उजेड पाडणारा फ्लॅश आहे, त्याच्या पोटांत एक कपॅसिटर, म्हणजे वीज सांठविणारी नळकांडी, असते. तींत सुमारें ३०० व्होल्टपर्यंत दाब असतो. आपल्या घरच्या विजेचा दाब २३० व्होल्ट आहे, हें ध्यानांत घ्यावें. सेल काढले तरी हा सांठा कित्येक वेळां दीर्घकाळ टिकतो. चुकून बोट लागल्यास जबर धक्का बसतो, आणि हृदय दुबळें असणाऱ्यास तो जीवावर बेतूं शकतो. ‘पेचकस लावून ठिणगी पाडली कीं झालें’ असा सल्ला कोणी दिला तर तो मानूं नये. जाणकार कारागीर योग्य रोधक जोडून सांठा सावकाश उतरवितो व मापकानें खात्री करून मगच हात घालतो.

असा कारागीर गांवांत न सांपडल्यास मोबाईल दुरुस्त करणाराकडे जाण्यास हरकत नाहीं. बारीक स्क्रू व लहानशा टोप्या बसविण्याचा सराव त्याला असतो. परंतु मोबाईलचा उजेड बहुधा एलईडीचा असल्यामुळें त्यांत असा उच्च दाबाचा कपॅसिटर नसतो. म्हणून कॅमेरा त्याच्या हातीं देतांना फ्लॅशच्या सांठ्याची गोष्ट आवर्जून सांगावी. त्या एका वाक्यानें एका माणसाचा हात वांचेल.

पुढें दुखणें उद्भवूं नये म्हणून यात्रेंत कॅमेरा पिशवींत ठेवावा, हात पुसूनच धरावा, सांठवतांना सेल काढावे, आणि महिन्यांतून एकदां तरी सर्व कळा दाबून पाहाव्या. जुनी वस्तु चालूं ठेवण्यांत कंजूषपणा नाहीं. तिची रचना समजून घेण्यांत एक प्रकारचें शिक्षण आहे. आणि जेथें आपलें ज्ञान संपतें तेथें हात आवरणें, हाही त्याच शिक्षणाचा भाग आहे.