चाळीस जण, दोन वस्तू आणि एक पुढारी

समजा, चाळीस जणांनी मिळून तीन तास झटून एक राक्षस मारला. त्याच्यापाशी मौल्यवान वस्तू निघाल्या दोनच. त्या कोणाला द्यायच्या?

प्रश्न परीकथेतला वाटतो. पण संगणकावर खेळणाऱ्या लाखो लोकांनी तो खरोखर सोडवला आहे, आणि तो सोडवताना त्यांना राज्यशास्त्रातले जवळजवळ सगळे जुने प्रश्न नव्याने भेटले आहेत. आपल्या वर्गातली काही मुलेही असे खेळ खेळतात. म्हणून या लेखात आपण या खेळांतल्या सत्तेकडे जरा बारकाईने पाहू.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. त्यातल्या सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांना ४० पर्यंत खेळाडू लागत. कोणी ढाल घेऊन पुढे उभा राहणार, कोणी जखमा भरून काढणार, बाकीचे हल्ला करणार. एकाने चूक केली तरी सगळे मरत. अनोळखी माणसे गोळा करून हे साधत नाही. त्यासाठी ठरल्या वारी, ठरल्या वेळी जमणारा कायमचा गट हवा. अशा गटाला 'गिल्ड' म्हणतात.

गिल्डची घटना कशी असते? आपल्या सहकारी संस्थेत सभा, निवडणूक, हिशेबतपासणी असते. इथे यातले काही नाही. गिल्डप्रमुख कोणालाही आत घेऊ शकतो, वर चढवू शकतो, क्षणात काढूनही टाकू शकतो. खेळाच्या नियमांपुरते पाहिले तर हा पूर्ण एकछत्री अंमल आहे.

मग सगळेच प्रमुख हुकूमशहा का होत नाहीत? कारण सोपे आहे. सभासदालाही एका क्षणात गिल्ड सोडता येते आणि मिळवलेली आयुधे त्याच्याबरोबर जातात. दहा जण रुसून गेले, की राहिलेल्या तिसांना मोहीम झेपत नाही. प्रमुखाची सत्ता नियमात संपूर्ण, पण प्रत्यक्षात उसनी असते. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या पुस्तकात म्हटले होते, की संस्था बिघडू लागली तर सभासदापुढे दोन वाटा असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. गिल्डमध्ये पहिली वाट इतकी सोपी आहे, की तिच्या भीतीने दुसरीलाही वजन येते.

मात्र हे वजन सर्वांना सारखे मिळत नाही. जखमा भरणारे कुशल खेळाडू थोडे असतात. त्यांचा शब्द जड. हल्ला करणारे पुष्कळ. त्यांच्यातला एक गेला तर दुसरा मिळतो. शिवाय जायला दुसरी चांगली गिल्डच नसेल, तर सोडून जाण्याची धमकी पोकळ ठरते.

आता त्या दोन वस्तूंकडे वळू. चिठ्ठ्या टाकल्या तर कालच आलेला नशीबवान ठरतो आणि वर्षभर राबणारा रिकाम्या हाताने परततो. 'एव्हरक्वेस्ट' या १९९९ साली सुरू झालेल्या खेळातल्या खेळाडूंनी यावर एक तोडगा काढला. त्याला 'ड्रॅगन किल पॉइंट्स' म्हणतात. हजेरीला गुण द्यायचे आणि वस्तू हवी असेल त्याने गुण मोजायचे. उदाहरणार्थ, दर मोहिमेला १० गुण आणि तलवारीची किंमत १०० गुण. म्हणजे दहा मोहिमांच्या कष्टांची ती तलवार. खेळ बनवणाऱ्या कंपनीने ही पद्धत दिली नव्हती. गुणांची वही खेळाडूंनी स्वतःच ठेवली. वही सर्वांना दिसत असल्यामुळे प्रमुखावर पक्षपाताचा आळ येत नसे.

पण याही पद्धतीत खोट आहे. जुने सभासद हजारभर गुण साठवून बसतात आणि नव्याला कितीही खपले तरी त्यांना गाठता येत नाही. वस्तू गरजूला न जाता साठेबाजाकडे जाते आणि गटाची एकूण ताकद वाढत नाही. म्हणून काही गिल्ड वाटप चार-पाच जाणत्यांच्या मंडळाकडे देतात. मंडळ शहाणे असेल तर गट झपाट्याने पुढे जातो. पण मंडळाने आपल्याच मित्रांना दोनदा झुकते माप दिले, की गिल्ड फुटते. नियमाने चालावे की शहाण्यांच्या निवाड्याने, हा वाद इथेही संपलेला नाही.

सत्तेची सारी सूत्रे एका हाती असण्याचा धोका 'ईव्ह ऑनलाइन' या आइसलँडच्या खेळात उघड झाला. हा खेळ २००३ सालचा. त्यात हजारो खेळाडूंच्या आघाड्या अंतराळातल्या प्रदेशांवर राज्य करतात. फेब्रुवारी २००९ मध्ये 'बँड ऑफ ब्रदर्स' या बलाढ्य आघाडीचा एक संचालक शत्रूला, म्हणजे 'गूनस्वार्म'ला, फितूर झाला. त्याच्या पदाला मिळालेले अधिकार वापरून त्याने आघाडीच विसर्जित केली. बलाढ्य साम्राज्य काही बटणे दाबताच मोडले. खेळाच्या नियमांनुसार यात बेकायदेशीर असे काहीच नव्हते.

'गिल्ड'ला आपल्याकडे जुना शब्द आहे: श्रेणी. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले आणि व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय केली. हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून नोंदवला, असेही लेख सांगतो. श्रेणीवरचा विश्वास केवळ श्रेणीच्या प्रमुखावर टेकलेला नव्हता. बाहेर नोंद होती, साक्षीदार होते. बँड ऑफ ब्रदर्सपाशी नेमके हेच नव्हते.

खेळातल्या गिल्डच्या बाहेर असते ती फक्त कंपनी. नियम तीच करते, मोडू शकतेही तीच. २००७ साली ईव्हच्या एका कर्मचाऱ्याने आपल्याच बाजूच्या खेळाडूंना गैरमार्गाने मदत केल्याचे उघडकीला आले आणि मोठा गहजब झाला. पुढे २००८ साली खेळाडूंनी मते देऊन नऊ जणांचे एक प्रतिनिधी मंडळ निवडले. तेव्हापासून अशा निवडणुका होत आल्या आहेत. मंडळ सल्ला देते, प्रश्न विचारते. शेवटचा निर्णय मात्र कंपनीचाच. प्रजेला आवाज मिळाला, राज्य मिळाले नाही.

शिक्षकांना यातून एक छोटा प्रयोग करता येईल. वर्गाचे चार गट करा. प्रत्येक गटाला एकच काम आणि दोनच बक्षिसे द्या. वाटप कसे करायचे हे काम सुरू होण्यापूर्वी गटानेच ठरवून लिहून काढायचे. एका गटाला मात्र मुद्दाम सांगा, की नियम लिहू नका, पुढारी ठरवील तसे करा. वाटप झाल्यावर ज्यांना काही मिळाले नाही, त्यांना बोलते करा. 'मला मिळाले नाही, पण वाटप योग्य झाले' असे कोणत्या गटातली मुले म्हणतात, ते पाहा. पुढारी चांगला की वाईट, एवढाच प्रश्न आपण नेहमी विचारतो. मुलांनी त्याच्या पुढचा प्रश्न विचारायला शिकावे: हा पुढारी उद्या चुकला, तर आपल्या हाती काय आहे?