पऱ्हाटीतला फवारा आणि अंगावरचे कवच

कीटकनाशकाला मराठी शेतकरी 'औषध' म्हणतो. कृषी केंद्रातून औषध आणले जाते, पिकावर औषध मारले जाते आणि बाटली रिकामी झाली की औषध संपले असे म्हटले जाते. पिकाच्या बाजूने पाहिले तर हा शब्द चुकीचा नाही, कारण किडीने पोखरलेले झाड त्या फवाऱ्याने सावरते; पण पाठीवर पंप घेऊन तासांमधून चालणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले तर तोच शब्द फसवा ठरतो, कारण औषधाला हात लावण्यापूर्वी हातमोजे घालण्याची रीत कोणाच्याच घरात नसते. कायद्याने मात्र या पदार्थांना पहिल्यापासून विषच मानले आहे. १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार, कीटकनाशकाचे उत्पादन, वाहतूक, वितरण किंवा वापर करताना ते हाताळणाऱ्या माणसांना योग्य संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत आणि विषारी धूळ किंवा वाफ नाकात जाण्याचा धोका असेल तेथे श्वसनाची साधनेही मिळाली पाहिजेत. हातमोजे, चष्मा, मास्क, गमबूट, एप्रन, पूर्ण बाह्यांचा अंगरखा या वस्तूंना एकत्रितपणे वैयक्तिक संरक्षक साधने म्हणतात. नियम होऊन अर्धशतक उलटले, तरी विदर्भ-मराठवाड्याच्या कापूसपट्ट्यात ही साधने अंगावर क्वचितच दिसतात, आणि याचे कारण केवळ शेतकऱ्याचा निष्काळजीपणा आहे असे म्हणणे सोयीचे असले तरी ते अर्धेच खरे आहे.

विष नाकातोंडावाटे शरीरात जाते ही समजूत सार्वत्रिक आहे, आणि म्हणूनच तोंडाला दुपट्टा गुंडाळला की काळजी घेतल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात पाठीवरच्या पंपाने फवारणी करताना शरीरात शिरणाऱ्या विषाचा मोठा वाटा त्वचेवाटे जातो. त्यातही सर्व अंगाची त्वचा सारखी नसते. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ हॉवर्ड मेबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि आज कदाचित परवानगीही मिळणार नाही अशा एका प्रयोगात, स्वयंसेवकांच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांवर पॅराथिऑन या कीटकनाशकाचा अल्प अंश लावून त्यातला किती भाग आत शोषला जातो हे मोजले होते. कोपराखालच्या हातावरून सुमारे ९ टक्के, तळहातावरून १२ टक्क्यांच्या आसपास, कपाळावरून ३६ टक्के, तर वृषणाच्या नाजूक त्वचेतून जवळजवळ सर्वच विष आत गेले. हे आकडे समोर ठेवून गावातली फवारणी पाहिली की धोका कोठे आहे ते कळते: पंपाचे झाकण नीट बसत नाही, टाकीतले पाणी हिंदकळून पाठीवर आणि कमरेवर ओघळते, पॅन्ट जांघेपर्यंत ओली होते आणि ती तशीच अंगावर दिवसभर वाळते. नाकावरचा दुपट्टा या ओघळाला अडवत नाही; उलट फवाऱ्याने भिजलेले कापड ओठांना आणि गालांना तासन्‌तास चिकटून राहते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात जे घडले ते या सगळ्या गोष्टी एकाच वेळी जुळून आल्यामुळे घडले. त्या हंगामात जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जण दगावले आणि शेकडो शेतकरी-शेतमजुरांना रुग्णालयात दाखल करावे लागले. बोंडअळीने बीटी वाणांना दाद देणे सोडले होते, त्यामुळे फवारण्या वाढल्या होत्या. दोन-तीन कीटकनाशके एकाच टाकीत मिसळून मारली जात होती. हातपंपाच्या जागी आलेले बॅटरीवरचे पंप अधिक दाबाने बारीक तुषार सोडत होते. आणि पऱ्हाटी अनेक शेतांत माणसाच्या खांद्याला, काही ठिकाणी डोक्याला लागली होती. गुडघ्याएवढ्या पिकात फवारा खाली जातो, पण खांद्याएवढ्या दाट पिकात तो चेहऱ्यासमोरच लोंबकळतो आणि फवारणारा माणूस स्वतःच निर्माण केलेल्या ढगातून पुढे चालत राहतो. राज्य सरकारने या प्रकरणी विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर त्या भागात तात्पुरती बंदीही घातली.

त्या वेळी वापरात असलेल्या अनेक कीटकनाशकांपैकी मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली आहेत. हा गट म्हणजे फॉस्फरसयुक्त सेंद्रिय संयुगांचे कूळ असून, १९३६ मध्ये जर्मनीत नव्या कीटकनाशकांचा शोध घेता घेता हाती लागलेला टाबुन हा युद्धातला विषारी पदार्थही याच कुळातला आहे. मज्जातंतूंकडून स्नायूंकडे संदेश नेणारे असिटिलकोलीन नावाचे रसायन काम झाल्यावर लगेच मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. ऑर्गॅनोफॉस्फेट त्या विकराला निकामी करते आणि संदेश थांबतच नाही. मग घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, मळमळ, पोटात कळा, अंधूक दिसणे, स्नायू थरथरणे अशी लक्षणे दिसू लागतात आणि शेवटी श्वास अडतो. पहिली काही लक्षणे ऊन लागल्यासारखीच असल्यामुळे रुग्ण सावलीत पडून राहतो, लिंबूपाणी पितो आणि मोलाचे तास निघून जातात. अॅट्रोपिन आणि प्रालिडॉक्झाइम ही या विषावरची औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यायची असतात, आणि डॉक्टरांना योग्य दिशा मिळावी म्हणून रुग्णाबरोबर कीटकनाशकाची बाटली किंवा निदान तिचे लेबल नेणे अत्यावश्यक असते. इतर गटांतल्या अनेक कीटकनाशकांवर असा नेमका उताराच नाही.

साधनांचा विचार या पार्श्वभूमीवर केला तर त्यांचा क्रम आपोआप बदलतो. सर्वांत धोक्याचा क्षण फवारणीचा नसून मिश्रण तयार करण्याचा असतो, कारण त्या वेळी बाटलीतले विष पाण्याने पातळ झालेले नसते. म्हणून घरात एकच वस्तू आणणे शक्य असेल तर ती नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजे ही असावी. कापडी किंवा चामडी मोजे विष शोषून धरतात आणि हाताला त्याची पट्टीच बांधल्यासारखे होते, त्यामुळे त्यांच्यापेक्षा उघडा हात निदान धुता तरी येतो. मिश्रण हाताने ढवळणे आणि तुंबलेले नोझल तोंडाने फुंकणे या दोन सवयी मोडल्या तर बाकीच्या साधनांइतकाच उपयोग होईल. नोझलसाठी जुना दातांचा ब्रश किंवा बारीक काडी पुरते. पीक बुटके असेल आणि हात खाली असतील तर अंगरख्याची बाही मोज्याच्या वरून घ्यावी, पीक उंच असून हात वर जात असतील तर बाही मोज्याच्या आत घ्यावी, नाहीतर ओघळ थेट मोज्यात किंवा बाहीत उतरतो. पॅन्ट मात्र नेहमी गमबुटाच्या बाहेर हवी. पंप आणि पाठ यांच्या मध्ये प्लास्टिकचा एक जाड तुकडा आणि कमरेपुढे एप्रन, एवढ्या स्वस्त उपायाने वर सांगितलेला ओघळ बराचसा अडतो. फवारणी झाल्यावर हातातले मोजे काढण्यापूर्वीच साबणाने धुवावेत.

मास्कबाबत मोठा गैरसमज आहे. करोनाच्या काळात सर्वांच्या परिचयाचा झालेला एन-९५ मास्क हवेतल्या बारीक कणांना अडवतो. त्यामुळे मळणीच्या धुळीत किंवा भुकटीची धुरळणी करताना तो उपयोगी पडतो, पण कीटकनाशकाची वाफ त्याच्यातून आरपार जाते. वाफ शोषून घेण्यासाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मास्क लागतो आणि ती डबी काही काळाने निकामी होत असल्यामुळे बदलावी लागते. वास येऊ लागला म्हणजे डबी संपली, हे शेतकऱ्याला सांगण्याची तसदी विक्रेते सहसा घेत नाहीत.

येथे मूळ अडचण पुढे येते. सप्टेंबरच्या उकाड्यात, दमट हवेत, १६ लिटरची भरलेली टाकी पाठीवर घेऊन, नखशिखान्त बंद पोशाखात चार तास चालणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. घाम वाळत नाही, शरीर तापते, आणि तापलेली ओली त्वचा विष अधिक वेगाने शोषते. ही गोष्ट तज्ज्ञांनाही ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक आरोग्य संघटनेसह मान्य केलेल्या कीटकनाशक व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत असे म्हटले आहे की, जी कीटकनाशके वापरताना त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने घालावी लागतात, ती टाळावीत, विशेषतः उष्ण हवामानातले छोटे शेतकरी आणि शेतमजूर यांच्या बाबतीत. सुरक्षाशास्त्रातही हेच सूत्र आहे: धोका आधी मुळातच काढून टाकावा, ते जमत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय घ्यावा, मग यंत्र सुधारावे, कामाची वेळ व पद्धत बदलावी, आणि एवढे करूनही जो धोका उरेल त्यासाठी अंगावर कवच घालावे. आपल्याकडे क्रम उलटा लागला आहे. लाल त्रिकोणाची बाटली विकायची आणि तिच्यासोबत पातळ प्लास्टिकच्या मोज्यांचे किट फुकट वाटायचे.

लेबलवरचा हा त्रिकोण वाचायला शिकणे मात्र फार सोपे आहे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याहून कमी पण तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. एकाच किडीसाठी दोन पर्याय असतील तर खालच्या रंगाचा निवडणे हे कोणत्याही हातमोज्यापेक्षा मोठे संरक्षण आहे. तरीही हा रंग विष पोटात गेल्यास किंवा त्वचेला लागल्यास त्याची घातक मात्रा किती यावरून ठरतो, श्वासावाटे किंवा वारंवार थोडे थोडे जाणाऱ्या विषाबद्दल तो काही सांगत नाही, म्हणून हिरव्या त्रिकोणाच्या बाटलीलाही हातमोजे लागतातच.

उष्ण हवामानाला साजेसे कवच तयार करण्याचा एक भारतीय प्रयत्न अलीकडे झाला आहे. बंगळुरूच्या इनस्टेम या संशोधन संस्थेने विकसित केलेला 'किसान कवच' हा पोशाख डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीत सादर करण्यात आला. त्याचे कापड विषाला केवळ अडवत नाही, तर कापडाच्या धाग्यांना जोडलेले रसायन ऑर्गॅनोफॉस्फेटसारख्या कीटकनाशकांचे रेणू स्पर्श होताच मोडून टाकते. त्यामुळे कापड हवेशीर ठेवता येते आणि ते धुऊन पुन्हा वापरता येते. कल्पना उत्तम आहे. त्याची सुरुवातीची किंमत सुमारे ४,००० रुपये होती, आणि तेथेच प्रश्न उभा राहतो.

कारण फवारणी करणारा माणूस पुष्कळदा शेताचा मालक नसतो. तो सालगडी असतो किंवा रोजाने आलेला मजूर असतो. आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या, आणि हंगामात त्याच्या अंगावर कोणाही एका शेतकऱ्यापेक्षा कितीतरी अधिक विष पडते. त्याचे कपडे घरी त्याची बायको इतर धुण्याबरोबर, उघड्या हातांनी धुते, आणि पाणी वाहून देण्याचे, टाकी भरून देण्याचे कामही बहुधा बायकांकडेच असते. फवारणीचे कपडे वेगळे भिजवून, वेगळे धुऊन उन्हात वाळवावेत हे सांगणाऱ्या प्रचारपत्रकांवर चित्र मात्र पुरुषाचेच असते. बियाणे, खत, औषध आणि मजुरी यांचा हिशेब शेतकरी वहीत मांडतो, त्याच हिशेबात एका जोडी हातमोज्यांची आणि एका एप्रनची किंमत धरावी आणि पंप मजुराच्या पाठीवर देताना त्या दोन्ही वस्तू त्याच्या हातात द्याव्यात. कायद्यानेही हाताळणाऱ्या माणसाला संरक्षण मिळाले पाहिजे असे म्हटले आहे, ते त्याने स्वतः विकत घ्यावे असे म्हटलेले नाही.