चौथऱ्यावरील एंजिनाचे काय करावे?

भारतातील अनेक मोठ्या रेल्वे स्थानकांबाहेर, रेल्वेच्या कार्यालयांच्या आवारांत व कारखान्यांच्या प्रवेशद्वारांशी वाफेचे एखादे जुने एंजिन चौथऱ्यावर उभे केलेले आढळते. चित्तरंजन येथील कारखान्यात वाफेच्या एंजिनांची निर्मिती १९७२ साली थांबली. रुंदमापी लोहमार्गांवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ च्या डिसेंबरात संपली. हजारो एंजिने भंगारात गेली, आणि जी थोडी वाचली त्यांपैकी पुष्कळशी अशा रीतीने चौथऱ्यावर चढली. त्या वेळी तो त्यांचा बहुमान वाटला, आणि तो होताही. परंतु चौथऱ्यावर चढविलेले एंजिन सुरक्षित झाले, ही समजूत मात्र शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. काही वर्षांनी पत्रा फुगू लागतो, धुराड्याच्या बुंध्याशी भोके पडतात, पायऱ्या खचतात. आणि मग कोणास तरी निर्णय करावा लागतो. एंजिन दुरुस्त करून चालवावे, छपराखाली हलवावे, की मोडीत काढावे? या निर्णयाच्या मुळाशी रसायन, यंत्रशास्त्र व इतिहास या तिन्ही विषयांची तत्त्वे आहेत. त्यांचा परिचय करून देणे हा येथील उद्देश आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. वाफेचे एंजिन उभे राहण्यासाठी बनविलेलेच नसते. चालत्या एंजिनाची राख रोज काढीत असत, ठराविक दिवसांनी त्याचे बाष्पित्र, म्हणजे बॉयलर, धुऊन आतील क्षार व गाळ बाहेर टाकीत, सांधे तेलाने भिजवीत. आणि शेगडीच्या उष्णतेने त्याचे पत्रे कोरडे राहत. उभ्या एंजिनास यांपैकी काहीही लाभत नाही. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, हे शाळेतील विद्यार्थ्यासही ठाऊक असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया वेग घेते, आणि हवेत मिठाचा अंश असेल तर त्याहून कमी आर्द्रताही पुरते. आपल्या देशाच्या बहुतेक भागांत पावसाळ्याचे चार महिने ही मर्यादा जवळजवळ सतत ओलांडलेली असते. समुद्रकाठच्या शहरांत तर वर्षभर.

त्यातही पाऊस दिसतो तेवढाच शत्रू नव्हे. बाष्पित्र हा लोखंडाचा जड गोळा असल्याने रात्री थंड होतो आणि सकाळी सावकाश तापतो. सकाळची दमट हवा आत शिरली की त्याच्या आतील बाजूस दव जमते. धुराड्याचे तोंड उघडे असेल तर पाणी सरळ धूमपेटीत उतरते. तेथे कोळशाची जुनी राख पडलेली असते. दगडी कोळशातील गंधकाची संयुगे त्या राखेत असतात, आणि ती ओली झाली की सौम्य आम्ल तयार होते. म्हणून धूमपेटीचा तळ बहुधा सर्वांत आधी जातो. बाष्पित्राभोवती उष्णता राखण्यासाठी वेष्टन घातलेले असते व त्यावर पातळ पत्रा. पत्र्याच्या फटीतून आत गेलेले पाणी ते वेष्टन स्पंजासारखे धरून ठेवते, आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या एंजिनाचे अंग आतल्या आत खात राहते. विसाव्या शतकातील पुष्कळ एंजिनांत हे वेष्टन अॅस्बेस्टॉसचे असे. त्याचे सूक्ष्म तंतू फुफ्फुसास अत्यंत घातक असल्याने ते काढण्याचे काम प्रशिक्षित माणसांनीच केले पाहिजे. हौशी स्वयंसेवकांनी त्यास हात लावू नये.

याखेरीज अग्निपेटी तांब्याची, नळ्या पितळेच्या आणि कवच लोखंडाचे अशी रचना जुन्या एंजिनांत आढळते. भिन्न धातू ओलाव्याने जोडले गेले की एक लहानशी विद्युत्घटमाला तयार होते, आणि तिच्यात झीज लोखंडाची होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या जोडात तो साचला म्हणजे पाचर ठोकल्याप्रमाणे रिव्हेटचे सांधे उचकटतो. आणि कबुतरे! धुराडे व चालकाची खोली ही त्यांची आवडती घरे असतात, व त्यांची विष्ठा ओलावा धरून ठेवून रंग आणि धातू दोहोंचा नाश करते.

येथे एखादा वाचक विचारील की, दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, मग एंजिनानेच काय पाप केले? त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण पुष्कळ आहे, आणि त्यामुळे त्याच्या पृष्ठावर फॉस्फेटचा एक संरक्षक पापुद्रा तयार झाला आहे, असे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनावरून दिसून आले. शिवाय तो स्तंभ भरीव आहे. त्यात पाणी साचण्यास पोकळी नाही. एंजिन म्हणजे बहुतांशी पोकळ्याच.

एवढे होत असता बाहेरून काय दिसते? ताजा रंग. कोणा मान्यवरांचे आगमन ठरले की एंजिनास घाईने रंग फासला जातो, बहुधा गंजावरच. रंगाखाली अडकलेला ओलावा आपले काम सोडीत नाही. उलट ते दृष्टीआड होते. जुन्या कारागिरांची पद्धत अशी की, लहान हातोडीने पत्र्यावर ठोकून नाद ऐकावयाचा: शाबूत पत्रा खणखणतो, झिजलेला भदभद वाजतो. आज श्राव्यातीत ध्वनिलहरी पत्र्यात सोडून त्यांच्या परतीच्या वेळेवरून जाडी मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजता येते, आणि त्यासाठी पत्र्यास भोक पाडावे लागत नाही. कोणत्याही निर्णयापूर्वी हे मापन झाले पाहिजे. त्याविना चाललेली सारी चर्चा ही रोग्याची नाडी न पाहता औषध ठरविण्यासारखी आहे.

नागरिकांची पहिली मागणी बहुधा एकच असते: एंजिन पुन्हा चालू करा. तिच्यातील ओढ समजण्यासारखी आहे. दट्ट्याची ये-जा, वाफेचा फुत्कार, तापलेल्या तेलाचा वास यांवाचून एंजिनाचे अर्धे ज्ञान हरवते. पण बाष्पित्रातील दाबाखालचे पाणी म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. वातावरणाच्या दहापट दाबाखाली पाणी सुमारे १८० अंश सेल्सिअसला उकळते. कवच फाटले आणि दाब एकाएकी नाहीसा झाला, तर त्या अतितप्त पाण्याचा मोठा अंश क्षणार्धात वाफ बनतो, आणि वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे सोळाशे पट असते. म्हणून चालवावयाच्या एंजिनाचे बाष्पित्र प्रथम थंड पाण्याने नेहमीपेक्षा अधिक दाब देऊन पारखतात. पाणी जवळजवळ दबत नसल्याने गळती झाली तरी स्फोट होत नाही. या परीक्षेत जुनी बाष्पित्रे पुष्कळदा नापास होतात. मग नळ्या बदला, अग्निपेटीचे पत्रे बदला, आधार-बोल्ट बदला. आणि कधी कधी संपूर्ण बाष्पित्रच नवे घाला. एंजिन चालते, परंतु त्यातील जुने किती उरले?

हा प्रश्न केवळ शब्दच्छल नव्हे. इंग्लंडातील १८२९ चे सुप्रसिद्ध ‘रॉकेट’ एंजिन १९९९ मध्ये उकलून त्याच्या प्रत्येक भागाचा अभ्यास करण्यात आला, तेव्हा त्याच्या सेवाकाळात कोणते फेरफार झाले याचा पुरावा त्याच्या धातूतच सापडला. ते सुधारून चालविले असते तर हा पुरावा नष्ट झाला असता. चालण्याचे काम १९७९ साली बनविलेल्या प्रतिकृतीकडे सोपविण्यात आले. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने मधला मार्ग धरला. ‘जॉन बुल’ हे १८३१ चे एंजिन सर्व परीक्षा करून १९८१ मध्ये, दीडशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, स्वतःच्या वाफेवर चालवून दाखविण्यात आले.

आपल्याकडे हाच पेच दोन जुळ्या एंजिनांच्या रूपाने उभा राहिला. १८५३ च्या एप्रिलात मुंबई ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी ओढणारी साहिब, सिंध व सुलतान ही एंजिने आज कोठेही पाहावयास मिळत नाहीत. त्यामुळे लीड्स येथील किट्सन, थॉम्प्सन व ह्युइटसन या कारखान्यात १८५५ साली ईस्ट इंडियन रेल्वेसाठी बनलेल्या दोन एंजिनांना विशेष मोल आले. क्रमांक २१ चे ‘एक्स्प्रेस’ आणि क्रमांक २२ चे ‘फेअरी क्वीन’. मधोमध सहा फूट व्यासाची दोन चालक चाके आणि मागे-पुढे लहान चाकांची एकेक जोडी, अशी त्यांची घडण. फेअरी क्वीनने हावडा ते राणीगंज या मार्गावर टपालगाड्या ओढल्या, १८५७ मध्ये सैन्य वाहिले, पुढे बिहारमध्ये लोहमार्गाच्या बांधकामावर काम केले, आणि १९०९ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर ते हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे होते. १९४३ मध्ये ते उत्तर प्रदेशातील चंदौसी येथे रेल्वेच्या प्रशिक्षण शाळेत नेण्यात आले. १९७७ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले, तेव्हा तेथे त्यास निवारा मिळाला.

१९९७ च्या जुलैत, निवृत्तीनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, हे एंजिन पुन्हा रुळावर आले व नवी दिल्लीहून अलवरकडे प्रवासी घेऊन निघाले. नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने वाफेचे एंजिन म्हणून त्याची नोंद झाली. परंतु २०११ मध्ये त्याचे कित्येक भाग चोरीस गेले. (तांब्या-पितळेस भंगारात चांगला भाव मिळतो, संरक्षक साखळीपेक्षा पहारेकरी अधिक उपयोगी, हे यावरून कळावे.) चेन्नईच्या पेरांबूर येथील रेल्वे कारखान्यात नवे भाग घडवून २०१२ मध्ये ते पुन्हा चालते केले गेले. त्याच कारखान्याने त्याआधी, २०१० मध्ये, शंभर वर्षे उभ्या असलेल्या ‘एक्स्प्रेस’लाही चालते केले होते. कारागिरांचे हे कौशल्य निःसंशय कौतुकास्पद आहे, कारण असे भाग आज बाजारात मिळत नाहीत. तथापि प्रस्तुत लेखकाचे मत असे की, जुळी उपलब्ध असता दोन्ही चालविण्याची आवश्यकता नव्हती. एकाने चालावे व दुसऱ्याने साक्षी राहावे, अशी विभागणी आताही करता येईल. ज्या एंजिनात मूळचे लोखंड अधिक उरले असेल, त्याच्या शेगडीत पुन्हा विस्तव पेटवू नये.

चौथऱ्यांवरील बहुतेक एंजिने मात्र इतकी दुर्मिळ नाहीत. मालगाड्या ओढणाऱ्या ‘डब्ल्यूजी’ वर्गाची २,४५० एंजिने बनली, प्रवासी गाड्यांच्या ‘डब्ल्यूपी’ वर्गाची ७५५. अशा वर्गाचे एखादे एंजिन मापनात फारच झिजलेले आढळले, तर त्याचे शाबूत भाग काढून दुसऱ्यास द्यावेत व उरलेले मोडीत काढावे, हा पर्यायही बोलून दाखविण्यास संकोच नसावा. गावाला ते कटू वाटेल. ज्यांचे वडील त्याच्यावर फायरमन होते त्यांस अधिकच. परंतु कोसळण्याच्या बेतात आलेले एंजिन मुलांच्या अंगावर पडेपर्यंत थांबण्यात त्या वडिलांचाही मान राहत नाही.

ज्यास ठेवावयाचे ठरेल, त्याच्यासाठी करण्याची कामे साधी आहेत, आणि म्हणूनच ती टाळली जातात. चारही बाजूंनी वारा खेळेल असे छप्पर प्रथम. मग धुराड्यास झाकण, धूमपेटीतील सारी राख बाहेर, तळाशी निचऱ्याची भोके उघडी, ओले वेष्टन काढून टाकणे, आणि गंज पूर्णपणे खरवडल्यावरच रंग. बेअरिंगांत वंगण घालून वर्षातून एकदा एंजिन हातभर पुढे ढकलावे, म्हणजे चाकांचा भार एकाच जागी राहत नाही. त्यासाठी चौथऱ्यावर थोडा अधिक रूळ ठेवावा लागतो. आणि पहिला बोल्ट सोडण्यापूर्वी छायाचित्रे, मापे व प्रत्येक थरातील जुन्या रंगाचा नमुना नोंदवून घ्यावा. जो भाग बदलला जाईल, त्यावर तारखेची पितळी चिठ्ठी बांधून तो जवळच्या भांडारात ठेवावा. नव्या भागावरही वर्ष कोरावे, म्हणजे पुढील अभ्यासकास १८५५ चे लोखंड आणि २०१२ चे लोखंड वेगळे ओळखता येईल.