मुक्त सॉफ्टवेअरची देखभाल : लेखांक ६
तपासणी यंत्राकडे, निर्णय ग्रंथपालाकडे

गेल्या आठवड्यात बॅकअपचा विचार केला; आता अपडेटकडे वळू. अमरावती-अकोल्याच्या ज्या कॉलेजांत पुस्तकांची देवघेव ‘कोहा’वर चालते, तिथे हा प्रश्न दर महिन्याला उभा राहतो. कोहाची मोठी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरात येते, किरकोळ दुरुस्त्या दरमहा. शिवाय खालच्या डेबियनचं आणि डेटाबेसचं वेळापत्रक निराळंच. देवघेवीच्या खिडकीवर बसून माणसाने या सगळ्यांची रोज चौकशी करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. नवं काही आलं का, हे पाहायला सातत्य लागतं, आणि ते यंत्राकडून करून घेणंच शहाणपणाचं. उशीर महागात पडतो. अपाची स्ट्रट्समधल्या दोषावरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली होती. ती न बसवल्याने मे महिन्यात इक्विफॅक्समध्ये हल्लेखोर शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली.

डेबियनवर ‘ॲप्टिक्रॉन’ बसवला की तो रोज यादी तपासतो आणि बाकी असलेल्या अपडेटची ईमेल पाठवतो. वीज गेल्यामुळे ठरलेली वेळ हुकली तर काय, ही शंका आपल्याकडे रास्तच. पण ‘अनाक्रॉन’ची सोय याचसाठी आहे : संगणक सुरू झाला की राहून गेलेलं काम तो उरकतो. स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. आवृत्तीचे आकडे निव्वळ अक्षरं म्हणून ताडले तर १.१० पेक्षा १.९ नवी ठरते. आणि रोज तयार होणाऱ्या बिल्डच्या फाइलचं नाव बहुधा तेच राहतं, म्हणून तिथे नावाऐवजी चेकसम ताडावा.

मग बसवण्याचं कामही यंत्रावर का सोडू नये? याचं उत्तर २९ मार्च २०२४ रोजी मिळालं. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड यांना ‘एक्सझेड’च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेलं चोरदार सापडलं. सर्वांत ताज्या बिल्ड घेणाऱ्यांपर्यंत ते पोचलं होतं, डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत नाही. यावरून थांबणंच बरं, असं कुणी म्हणेल. पण इक्विफॅक्सचा दाखला त्याच्या विरुद्ध जातो. म्हणून विभागणी हवी. स्थिर आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसू द्याव्यात. मोठी आवृत्ती मात्र बॅकअप घेऊन, दुसऱ्या संगणकावर चालवून पाहूनच. कोहाच्या मोठ्या आवृत्त्या नेमक्या विद्यापीठाच्या उन्हाळी आणि हिवाळी परीक्षांच्या हंगामात येतात. पुस्तकं परत करून ‘नो ड्यूज’ घ्यायला रांग लागलेली असताना सर्व्हर बंद ठेवता येत नाही, हे ग्रंथपालालाच कळतं. त्यामुळे तारीख त्यानेच ठरवावी, आणि रोजची ईमेल कोण वाचणार हे कॉलेजने लेखी नेमून द्यावं. न वाचलेली सूचना आणि न झालेली तपासणी यांचा परिणाम एकच.

(पुढील लेखांक : चाचणीचा दुसरा संगणक कमी खर्चात कसा उभारावा)