सराट्याचा कांटा आणि सायकलीचें चाक

पावसाळा सरून कार्तिकाचें ऊन तापूं लागलें कीं दख्खनच्या माळांवर, गाडीवाटांच्या कडेला आणि शाळांच्या पटांगणांत जमिनीसरपट पसरलेली एक वेल वाळूं लागते. तिचीं इवलींशीं पिवळीं फुलें कोणाच्या डोळ्यांत भरत नाहींत. परंतु तिचें फळ ज्याच्या तळपायांत एकदां रुतलें, तो तें जन्मभर विसरत नाहीं. हाच सराटा. आयुर्वेदानें यास गोक्षुर म्हणून दशमुळांत मानाचें स्थान दिलें आहे; त्रिकंटक, श्वदंष्ट्रा हीं त्याचींच आणखी नांवें. कुत्र्याच्या दाताची उपमा ज्यास सुचली, त्यानें या फळावर अनवाणी पाय दिला असला पाहिजे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

सराट्याचें सुकलेलें फळ फुटलें म्हणजे त्याच्या पांच फोडी होतात आणि प्रत्येक फोडीस दोन मोठे व दोन लहान कांटे असतात. फोड कशीहि पडो, एखादा कांटा आकाशाकडे तोंड करून राहतोच. बाभळीचा कांटा लांब. तो वाटेंत दिसतो आणि सावध स्वारास टाळतां येतो. सराटा मात्र धुळीच्या रंगाचा आणि हरभऱ्याएवढा. तो दिसतो तो टायरांतून उपटून हातांत घेतल्यावरच. अमेरिकेंत ही वनस्पति भूमध्य समुद्राकडील प्रदेशांतून गेली, आणि तेथील लोकांनीं तिला सरळ 'पंक्चरची वेल' असेंच नांव देऊन टाकलें. वाहनांच्या टायरांस चिकटूनच तिचें बीं तेथें दूरवर पसरलें. म्हणजे टायरानें आपला वैरी आपणच गांवोगांव पोंचविला! तिच्या नायनाटासाठीं १९६१ सालीं तेथें दोन जातींचे सोंडे परदेशांतून मुद्दाम आणून सोडण्यांत आले. एक बीं पोखरतो, दुसरा देंठ. वेल कांहीं ठिकाणीं कमी झाली, पण नाहींशी झाली नाहीं.

इतका वेळ एका क्षुद्र कांट्याविषयीं बोलण्याचें कारण वाचक विचारतील. आमच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत शासनाच्या योजनांतून आठवीपासून पुढील कित्येक मुलींस सायकली मिळूं लागल्या. ज्या वस्त्यांवरून सातवीनंतर मुलगी शाळेकडे फिरकत नसे, तेथून सकाळीं सायकलींची रांगच्या रांग येतांना पाहून आम्हांस किती समाधान वाटत असे, तें शिक्षकाचा पेशा केलेल्यासच कळेल. परंतु दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली कीं हजेरीपटांत मुलींच्या नांवांपुढें रिकामीं घरें दिसूं लागत. कारण विचारलें कीं उत्तर ठरलेलें: "सर, पंक्चर झालं होतं." वस्ती शाळेपासून पांच-सहा किलोमीटरांवर, मधल्या वाटेवर पंक्चर काढणारा एकहि नाहीं. सायकल ढकलीत आणावी तर दुसरा तास संपलेला, आणि संध्याकाळीं ढकलीत न्यावी तर वाटेंतच अंधार. अंधारांतून मुलगी एकटी घरीं आली म्हणजे घरांतील वडील मंडळी काय म्हणतात, हें येथें सांगावयास नको. असें दोन-तीन वेळां झालें कीं मुलीस चार दिवस घरीं बसविण्यांत येई. आणि चार दिवस घरीं बसलेल्या मुलीस पुन्हां वर्गांत आणण्यासाठीं आम्हांस वस्तीवर किती खेपा घालाव्या लागत, त्याची मोजदाद आम्हीं ठेविली नाहीं.

अशा वेळीं बाजारच्या गांवांतील एका सायकल-दुकानदारानें आमच्या दोन विद्यार्थिनींच्या सायकलींत एक हिरवट, दाट द्रव भरून दिला. त्या हिंवाळ्यांत त्या दोघींस एकदांहि सायकल ढकलावी लागली नाहीं. माघांत टायर उतरवून पाहिला, तेव्हां एकट्या मागल्या चाकांतच सराट्याचे अकरा कांटे निघाले. बाजारांत या द्रवास सीलंट म्हणतात. त्यास छिद्ररोधक द्रव्य असें भारदस्त नांव आम्हांस सुचतें खरें. पण दुकानांत जाऊन तें मागितलें तर दुकानदार आमच्या तोंडाकडे पाहत राहील, म्हणून सीलंट हाच शब्द येथें चालवितों.

सायकलीचें पंक्चर हें हवेच्या टायराचें जुळें भावंड होय. रबरी नळींत हवा कोंडून तीवर गाडी चालविण्याची युक्ति रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालींच नोंदविली होती. परंतु ती विस्मृतींत गेली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं तीच गोष्ट पुन्हां शोधून काढली आणि कीर्ति त्याच्या पदरांत पडली. त्या वेळचा टायर चाकास चिकटविलेला असे, त्यामुळें पंक्चर काढणें म्हणजे मोठें संकटच होतें. सहज उतरवितां येणारा टायर मिशेलिन बंधूंनीं १८९१ सालीं काढला, तेव्हांपासून रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब ठिगळण्याची सोय झाली. ती पद्धत आजहि मूलतः बदललेली नाहीं. पाण्याची परात, बुडबुडा, कानस, सोल्युशन आणि ठिगळ, हें पंचक आपल्याकडील प्रत्येक नाक्यावर दिसतें.

सीलंट हें ट्यूब फुटल्यावर करावयाचें काम आधींच करून ठेवतें. कांटा टोंचला कीं आंतील हवा छिद्रांतून जोरानें बाहेर धांवते आणि जातांना हा द्रवहि बरोबर नेते. द्रवांत बारीक तंतु व रबराचे कण तरंगत असतात. ते छिद्राच्या अरुंद तोंडांत एकमेकांस अडकून गर्दी करितात, त्यांच्या फटींत द्रव दाटतो आणि वाट बुजते. वडाच्या पानाचा देंठ तोडला असतां चीक वाहतो, थोड्याच वेळांत दाट होतो आणि झाडाची जखम आपोआप बांधली जाते. येथें तोच प्रकार समजावा. हा नुसता दृष्टान्त नव्हे. सीलंटाच्या एका जातींत रबराच्या झाडाचा चीकच असतो. तो डब्यांत गोठूं नये म्हणून त्यांत अमोनिया घालितात. झांकण उघडतांच नाकांत शिरणारा दर्प तो त्याचाच. उघड्या हवेस लागला कीं हा चीक घट्ट होऊन छिद्रांत रबराची बारीक गुडदी बसते. दुसऱ्या जातींत चीक नसून ग्लायकोल असतें. मोटारीच्या रेडिएटरमधील पाणी थंड मुलखांत गोठूं नये म्हणून जें घालितात, त्याच कुळींतलें हें द्रव्य. तें लवकर वाळत नाहीं, आणि छिद्र बुजविण्याचा सारा भार त्यांतील तंतूंवर असतो. पहिली जात मुख्यतः ट्यूबलेस टायरांसाठीं, दुसरी आपल्या साध्या ट्यूबच्या सायकलीसाठीं. दोहोंचें मिश्रण करूं नये.

कोणतीहि जात घेतली तरी तिचा गुण एका मर्यादेपर्यंतच. साध्या ट्यूबमधील सीलंट सुमारें ३ मिलिमीटरपर्यंतचें छिद्र बुजवितें. सराटा, बाभळीचा कांटा, बारीक तार किंवा टांचणी एवढीच त्याची धांव. बाटलीच्या कांचेनें टायर चिरला तर सारा द्रव रस्त्यावर सांडतो. चाक फिरूं लागलें म्हणजे द्रव बाहेरच्या बाजूस, अर्थात् जमिनीस टेंकणाऱ्या पृष्ठाकडे फेंकला जातो. तेथील छिद्रें तो बुजवील. परंतु टायराच्या कुशींतील फाट किंवा रिमच्या बाजूस आऱ्याचें टोंक लागून पडलेलें भोंक यांजकडे तो पुरेसा पोंचत नाहीं. हवा कमी ठेवून, मागें मैत्रिणीस बसवून खड्ड्यांतून सायकल नेली कीं ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्यें चेंगरते आणि तीस सर्पदंशासारखीं शेजारीं शेजारीं दोन छिद्रें पडतात. हें पंक्चर कांट्याचें नव्हे, आळसाचें. त्यास सीलंट नव्हे, पंप पाहिजे. शर्यतीच्या सायकलींचे अरुंद टायर फार घट्ट फुगविलेले असतात. त्यांत हवेचा जोर इतका कीं द्रव छिद्रांत ठरण्यापूर्वींच पिचकारीसारखा उडून जातो. आपल्या साध्या रोडस्टरची हवा तितकी घट्ट नसते, म्हणून तेथें हा उपाय अधिक लागू पडतो. महागड्या वाहनापेक्षां गरिबाच्या वाहनास जास्त मानवणारा हा एक दुर्मिळ शोध आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां भरण्याची रीत. आपल्याकडील साध्या सायकलीचा व्हॉल्व्ह या कामीं फार सोयीचा. त्यावरील चकती सोडविली कीं आंतील खिट्टी तिच्या रबरी नळीसकट हातांत येते आणि तोंड मोकळें होतें. पूर्वीं भरलेली हवा अगोदर निघून जाऊं द्यावी. मग चाक असें फिरवावें कीं व्हॉल्व्ह घड्याळांतील चारच्या आंकड्याच्या जागीं येईल. अगदीं तळाशीं ठेविला तर द्रव तेथेंच सांचून व्हॉल्व्ह तुंबतो. बाटली चांगली हलवून घ्यावी, कारण तंतु तळाशीं बसलेले असतात. न हलवितां ओतली तर वरचें पाणीच ट्यूबमध्यें जातें आणि पैसे फुकट. साध्या टायरास प्रत्येक चाकामागें सुमारें १२० मिलिलिटर पुरतें. खिट्टी पुन्हां बसवितांना तिची रबरी नळी नवीन घालावी. ती जुनी, चिरकलेली असेल तर सीलंट तींत चिकटून हवा धरत नाहीं. नंतर पुरी हवा भरून चाक फिरवावें आणि लगेच दोन-तीन किलोमीटर चालवून आणावें, म्हणजे द्रव सर्वत्र सारखा पसरतो. पुढें केव्हांहि हवा भरतांना व्हॉल्व्ह माथ्यावर आणून क्षणभर थांबावें, द्रव खालीं उतरूं द्यावा आणि मग पंप लावावा.

कांटा दिसला तर तो काढावा कीं राहूं द्यावा, असा प्रश्न मुली नेहमीं विचारीत. काढावा. आंत राहिलेला कांटा प्रत्येक फेऱ्यासरशी हलतो आणि छिद्र रुंद करीत जातो. कांटा उपटल्यावर फुसकारा येईल व थोडा द्रव उडेल. त्यानें घाबरूं नये. छिद्र जमिनीकडे येईल असें चाक फिरवून थोडें थांबावें, मग चाकास चार गरके द्यावे. आवाज थांबला कीं हवा भरून निघावें. सीलंट घातलेल्या सायकलीचा खरा धोका येथेंच आहे. पंक्चर कळतच नाहीं, म्हणून टायराकडे कोणी पाहत नाहीं. कांटे सांचत जातात, द्रव हळूहळू खर्च होतो, आणि एके दिवशीं भर दुपारीं एकदम चाक बसतें. आठवड्यांतून एकदां, रविवारीं म्हणा, टायरावरून डोळा फिरवून रुतलेले कांटे उपटून काढणें हें काम सीलंट करीत नाहीं. तें सायकलीच्या धनिणीनेंच करावयाचें. घरोघरीं जुन्या ट्यूबची पट्टी कापून टायर व ट्यूब यांच्यामध्यें घालण्याचा जो उपाय चालत आला आहे, तोहि सोडूं नये. पट्टी आणि सीलंट यांचें वैर नाहीं.

सीलंट वाळतें, हेंहि ध्यानांत असावें. चिकाची जात तर आपल्या उन्हाळ्यांत दोन-तीन महिन्यांत सुकून टायरांत तिच्या वड्या होतात. ग्लायकोलाची जात अधिक टिकते. तरी सराट्याचा हंगाम लागण्यापूर्वीं, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, ती पुरेशी आहे कीं नाहीं हें पाहणें बरें. आमच्याकडे दसऱ्यास सायकलीस झेंडूची माळ घालण्याची चाल आहेच. त्याच दिवशीं हेंहि उरकावें.

शाळांनीं आणखी एक गोष्ट करावी असें आमचें मत आहे. एक चांगला पंप, दोन टायर-लिव्हर, कानस, ठिगळें आणि सोल्युशनची नळी एवढें सामान शाळेंत एका पेटींत असावें आणि आठवीच्या प्रत्येक मुलीस पंक्चर काढतां यावें. कित्येक पालकांस हें काम मुलींच्या हातास शोभणारें वाटत नाहीं. भाकरी थापणाऱ्या आणि शिवणाच्या यंत्रांत दोरा ओंवणाऱ्या हातांस कानस व ठिगळ कां जड जावें, याचें उत्तर आम्हांस अद्याप कोणीं दिलें नाहीं. सीलंटानें न बुजणारें भोंक पडलें, तर वाटेवर दुसरा उपाय नाहीं.

त्या वेळीं ठिगळ लावण्यांत एक अडचण येते. सीलंट भरलेल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाहीं, कारण छिद्रांतून द्रव पाझरत राहतो. म्हणून ट्यूबमधील हवा पुरती काढावी, छिद्राभोंवतालचा द्रव एका बाजूस दाबून सारावा, ओल्या फडक्यानें व मग कोरड्यानें जागा पुसावी, कानशीनें घांसावी, पुन्हां पुसावी. सोल्युशन लावून तें बोटास चिकटेनासें होईपर्यंत धीर धरावा आणि मगच ठिगळ दाबावें. दुकानांत नेल्यास पंक्चरवाल्यास ट्यूबमध्यें सीलंट आहे हें आधींच सांगावें. न सांगितल्यास त्याच्या परातींतील पाणी गढूळ होतें, छिद्र तात्पुरतें बुजल्यामुळें बुडबुडा दिसत नाहीं, हात बरबटतात, आणि तो रागावून दुप्पट मजुरी मागतो. त्यांत त्याचा दोष नाहीं.